गाडीचं बोला: वाफ, दहिवर अन् काचेवरचा बर्फ

यावेळी पत्रं खूप आली अन् जवळपास सगळी एकाच गोष्टीवर, गाडीची काच. नागपूर म्हटलं की लोकांना मे महिनाच आठवतो, पण इथली थंडी बी काही कमी नाही, २०१८ च्या डिसेंबरअखेर आपल्याकडे पारा ३.५ अंशांवर उतरला होता तो अजून कित्येकांच्या ध्यानात असेल. त्या आठवड्यात माझ्या गॅरेजासमोर सकाळी सात वाजता शेकोटीभोवती दहा-बारा गाडीवाले उभे असायचे, कोणाची बॅटरी बसलेली, कोणाला काचेतून दिसत नाही. तेव्हा लोकांना जे तोंडी सांगितलं तेच आता नीट लिहून सांगतो.

भाऊ नमस्कार जी. मी शिक्षिका आहे, मानेवाड्याहून बुटीबोरीच्या पुढे शाळेत जाते, आम्ही चौघी मैत्रिणी एकाच गाडीत. सकाळी सव्वासहाला निघालो की चौकापर्यंत जाईस्तोवर समोरची काच पूर्ण पांढरी होते, वायपर फिरवला तरी जात नाही, मग बाजूची मैत्रीण रुमालाने पुसत राहते अन् मी चालवत राहते. थंडीत एसी कोण लावते म्हणून तो बंदच असतो. काय करू? (एक वाचक, मानेवाडा)

ताई, सगळ्यात आधी एक काम करा, काच पांढरी झाली की आतून बोट फिरवून पाहा. रेघ उमटली तर वाफ आतून आहे, अन् नाही उमटली तर बाहेरून. तुमची आतलीच आहे, कारण वायपरने जात नाही म्हणता. बाहेरचा वायपर आतली वाफ कशी काढणार, तो कोरड्या काचेवर घासून घासून रबर तेवढं खराब करून घेतो.

आता ती येते कुठून ते समजून घ्या म्हणजे उपाय आपोआप पटेल. चार माणसं बंद गाडीत श्वास घेतात, बोलतात, कोणाच्या हातात चहाचा थर्मास असतो, स्कार्फ धुक्याने ओला झालेला असतो, ही सगळी वाफ गाडीतल्या हवेतच राहते. गरम हवा जास्त वाफ धरते, थंड हवा कमी. २० अंशांच्या एक घनमीटर हवेत साधारण १७ ग्रॅम पाण्याची वाफ मावते, ५ अंशांना जेमतेम ७ ग्रॅम. आतली उबदार हवा त्या थंडगार काचेला जाऊन लागली की उरलेली वाफ तिथेच थेंब होऊन बसते. फ्रिजमधून काढलेल्या तांब्यावर पाणी धरते ना, अगदी तसंच.

म्हणून करायचं काय, तर एसी लावायचा. हो, थंडीतच लावायचा. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ लोकांना हे पटत नाही, एसी म्हणजे गारवा असंच डोक्यात बसलेलं आहे, पण एसीचं दुसरं काम हवा कोरडी करणं हे आहे. आतल्या थंड कॉईलवरून हवा जाते तेव्हा तिच्यातलं पाणी कॉईलवर उतरते अन् नळीने गाडीखाली टपटप पडते, उन्हाळ्यात उभ्या गाडीखाली डबकं दिसते ते हेच. मग ती कोरडी झालेली हवा हीटरवरून गरम होऊन काचेवर येते. म्हणजे तापमानाचं बटण लाल बाजूला, एसी चालू, हवेचा रोख समोरच्या काचेवर, अन् पंखा जोरात. पुष्कळशा नव्या गाड्यांत काचेच्या आकृतीचं बटण दाबलं की एसी आपोआपच चालू होतो.

अन् सगळ्यात महत्त्वाचं, ते गाडीच्या आत गोल फिरणाऱ्या बाणाचं बटण बंद ठेवा. त्याने आतलीच ओली हवा पुन्हा पुन्हा फिरते. वर्धा रोडवर ट्रकचा धूर नको म्हणून लोक ते वर्षभर दाबून ठेवतात अन् मग हिवाळ्यात काच काहून धुकते म्हणून विचारतात. बाहेरची हवा थंड असली तरी तिच्यात वाफ कमीच असते, तापवली की ती आणखी वाफ प्यायला तयार होते. घाई असेल तर दोन्ही बाजूच्या काचा बोटभर खाली करा, गार लागते पण मिनिटभरात फरक दिसतो.

रुमालाने पुसणं मात्र सोडा. हाताचा, रुमालाचा तेलकटपणा काचेला लागतो अन् त्यावर वाफ आणखी लवकर धरते, शिवाय समोरून लाईट आला की तेच पट्टे डोळ्यांत चमकतात. रविवारी वेळ काढून समोरची काच आतून स्वच्छ करा, आधी ओल्या मऊ कापडाने, मग कोरड्या कापडाने, कोपऱ्यापर्यंत. आतून कोणी सहसा पुसतच नाही, अन् डॅशबोर्डच्या प्लास्टिकमधून उन्हाळाभर निघालेली वाफ तिथे तेलकट थर होऊन बसलेली असते. पांढऱ्या कापडाने पुसून बघा, कापड पिवळट निघते.

पायदाणं पाहा, खालचं गालिच्यासारखं कापड दाबून पाहा. पावसाळ्यात मुरलेलं पाणी तिथे डिसेंबरपर्यंत राहिलेलं मी पाहिलं आहे. केबिन फिल्टर, म्हणजे गाडीत येणारी हवा गाळणारी जाळी, बदलून किती दिवस झाले तेही पाहा, तो चोंदला असला तर पंखा चारवर ठेवला तरी हवा कमीच लागते. अन् एक खास खूण, काचेवरची वाफ चिकट असेल अन् गाडीत गोडसर वास येत असेल तर ती श्वासाची वाफ नाही, हीटरच्या आतलं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, गळून राहिलं. ते घरी बरं होत नाही, लवकर गॅरेजला दाखवा.

हिंगण्याच्या पुढे आमचं शेतघर आहे, आम्ही दोघंच राहतो. मागच्या आठवड्यात पेपरमध्ये किमान तापमान ६ अंश लिहिलं होतं अन् त्याच पहाटे आमच्या गाडीच्या टपावर अन् काचेवर पांढरा खरखरीत थर होता, सौ. म्हणाली मीठ सांडलं की काय. नखाने खरवडला तर बर्फ! ६ अंशांना बर्फ कसा होईल? जावई म्हणते काका तुमचा भ्रम आहे. (निवृत्त बँक कर्मचारी, हिंगणा)

काकाजी, भ्रम नाही, जावईबापूंना हे वाचायला द्या.

पेपरमधलं तापमान हे हवेचं असते, तेही जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर, झिलमिलीच्या पांढऱ्या लाकडी पेटीत ठेवलेल्या थर्मामीटरचं. तुमच्या गाडीचं टप काही त्या पेटीत नाही, ते आभाळाखाली उघडं आहे. रात्री आभाळ निरभ्र असलं, वारा पडलेला असला, तर पत्रा अन् काच आपली उष्णता सरळ वर आभाळात सोडत राहतात अन् भोवतालच्या हवेपेक्षा कितीतरी थंड होतात. त्यात शहरात सिमेंटची घरं-रस्ते रात्रभर ऊब सोडतात, शेतात ते नाही, अन् थंड हवा जड असल्याने खोलगट जागी येऊन साचते, म्हणून तुमच्याकडची हवाच पेपरातल्या आकड्यापेक्षा दोन-तीन अंश खाली असणार. हवा ३ वर अन् काच शून्याखाली, असं होऊ शकते. मग वाफेचं पाणी न होता थेट बर्फाचे कण होतात. नेहमी दहिवर पडते ना, त्याचंच हे गोठलेलं रूप.

आता याचा उपयोग काय ते सांगतो. काचेला आभाळ दिसू द्यायचं नाही, बस. गाडी पोर्चखाली लावा, नसेल तर आंब्याच्या झाडाखाली, झाडाखालच्या गाडीवर असा थर क्वचितच दिसेल. तेही नसेल तर रात्री काचेवर जुनी चादर किंवा पुठ्ठा टाकून कडा दारात दाबून ठेवा. उन्हाळ्यात आपण चंदेरी पडदा आतून लावतो, इथे तो बाहेरून लावायचा. चादर मात्र कोरडी पाहिजे, ओली असली तर सकाळी काचेलाच चिकटून बसते. अन् शक्य असेल तर गाडीचं तोंड पूर्वेला करून ठेवा, सकाळचं ऊन समोरच्या काचेवर आधी येते अन् अर्धं काम सूर्यच करून देते.

बर्फ किंवा घट्ट दहिवर काढायला काचेवर गरम पाणी टाकलं तर चालते का? आमचे शेजारी रोज टाकतात, काही होत नाही म्हणतात. (वाचक, प्रतापनगर)

नाही टाकायचं. हे मी कळकळीने सांगून राहिलो.

माझ्या गॅरेजात काम शिकणारा एक पोरगा होता, मनाने चांगला, कामाला पटकन. थंडीत सकाळी एका गिऱ्हाइकाची गाडी द्यायची होती अन् काच पांढरी होती, त्याने बंबातलं कढत पाणी बादलीत घेतलं अन् मी हो-नाही म्हणायच्या आत टाकलं. आधी सगळं छान दिसलं, वाफा निघाल्या, काच लख्ख. मग ‘टिक’ असा बारीक आवाज आला, काडी मोडावी तेवढाच. वायपरच्या जवळ खड्याने उडालेला तांदळाएवढा टवका होता, तिथून एक चीर निघाली अन् आमच्या डोळ्यांदेखत वाकडीतिकडी होत आरशापर्यंत गेली. पोरगा रडायलाच लागला. काच मी बदलून दिली, पण ती चीर चालत जाताना पाहिलेली मी विसरलो नाही.

होते असं की काच उष्णता हळू वाहून नेते. वरचा थर गरम पाण्याने एकदम फुगतो, आतला थंडच राहतो, दोघांची ओढाताण होते अन् जिथे आधीपासून टवका किंवा ओरखडा असेल तिथून काच फाटते. समोरची काच दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पापुद्रा घालून चिकटवलेली असते म्हणून ती चिरते पण पडत नाही, बाजूच्या काचा कडक केलेल्या असतात, त्या गेल्या तर दाणे होऊन सगळ्याच कोसळतात. तुमच्या शेजाऱ्यांच्या काचेला अजून टवका नाही एवढंच. आपल्या रस्त्यांवर गिट्टीचे डंपर किती पळतात ते तुम्ही रोज पाहता, टवका आज ना उद्या पडणारच.

नुसतं दहिवर असेल तर नळाचं साधं पाणी पुरते, विहिरीचं किंवा बोअरचं तर हिवाळ्यात कोमटच असते, तेवढं चालते, लगेच वायपर फिरवून पुसून घ्या. पण जिथे हवाच शून्याच्या खाली आहे तिथे कोणतंच पाणी नको, ते काचेवर पसरून पुन्हा गोठते. तिथे काय करायचं ते पुढच्या पत्रात येते.

आम्ही चौघं मित्र जानेवारीत नागपूरहून स्वतःच्या गाडीने मनालीला चाललो, जमलं तर अटल टनेलच्या पलीकडे सिस्सूपर्यंत. गाडी डिझेल, सात वर्षं जुनी. बर्फात गाडी आधी कोणीच चालवली नाही. काचेसाठी काय न्यावं? (इंजिनिअरिंगचे विद्यार्थी, धरमपेठ)

बाबू लोकहो, काचेचं सांगतोच, पण त्याच्या आधी बॉनेट उघडा.

रेडिएटरमध्ये काय आहे? नागपूरच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात कूलंट कमी झालं की लोक बाटलीतलं पाणी ओततात, दोन-तीन उन्हाळे असे गेले की आत कूलंट नावापुरतं अन् बाकी पाणीच राहते. इथे ते चालून जाते. तिथे रात्री गाडी उभी असताना ते गोठेल, अन् पाणी बर्फ होताना साधारण ९ टक्के फुगते, रेडिएटर फाटते, नशीब वाईट असलं तर इंजिनचा ब्लॉक फाटते. म्हणून निघायच्या आधी जुनं सगळं काढून टाका अन् अर्धं कूलंट, अर्धं डिस्टिल्ड वॉटर असं भरा, हे मिश्रण जवळपास उणे ३५ पर्यंत गोठत नाही. डब्यावर ‘तयार मिश्रण’ लिहिलं असेल तर पाणी मिसळायचं नाही.

हीच गोष्ट वायपरच्या पाण्याच्या टाकीची. तिच्यात साधं पाणी असेल तर मनालीत पहिल्याच रात्री टाकी, नळी, फवाऱ्याचं तोंड सगळं गोठणार, अन् सकाळी तुम्ही बटण दाबत राहाल तर आतली छोटी मोटर जळणार. ती टाकी आधीच रिकामी करून न गोठणारं वॉशर लिक्विड भरा.

आता काच. स्पेअर पार्टच्या दुकानात नाहीतर ऑनलाईन प्लास्टिकचा स्क्रेपर मिळते, शंभर-दोनशे रुपयांची गोष्ट आहे, ती घ्याच. पत्र्याची पट्टी, स्टीलचा उलथणं, चाकू यातलं काहीच नको, काचेवर आलेला ओरखडा कायमचा राहते अन् रात्री समोरच्या लाईटमध्ये तोच चमकते. स्क्रेपर हरवला तर जुनं प्लास्टिकचं कार्ड चालते. मेडिकलमधून आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, दोन भाग ते अन् एक भाग पाणी असं स्प्रेच्या बाटलीत भरा. शुद्ध आयसोप्रोपिल उणे ८९ अंशांना गोठते, म्हणून हे मिश्रण बर्फात शिरून त्याला सैल करते अन् पुन्हा गोठू देत नाही. वरून खाली फवारा, एक-दोन मिनिटं थांबा, मग खरवडा. पेटणारी वस्तू आहे, जवळ सिगारेट नको, अन् बाटली खोलीत ठेवा, गाडीत नाही.

क्रम असा ठेवा. आधी सैल बर्फ मऊ झाडूने झाडा, टपावरचाबी, नाहीतर पहिल्या ब्रेकला टपावरचं सगळं घसरून समोरच्या काचेवर येते. मग इंजिन चालू करा, हीटर काचेवर वळवा, पण सुरुवातीला हवा थंडच येईल कारण हीटर इंजिनच्याच उष्णतेवर चालते. तेवढ्या वेळात फवारा अन् स्क्रेपर. बर्फ वितळायला वेळ लागते म्हणून वैतागू नका, शून्य अंशाच्या एक ग्रॅम बर्फाचं शून्य अंशाचंच पाणी करायला ८० कॅलरी लागतात, तेवढ्या उष्णतेत तेच पाणी ८० अंशांपर्यंत तापलं असतं. अन् वर मी एसीचं जे सांगितलं ते तिथे कडाक्यात चालणार नाही, बाहेर शून्याच्या आसपास गेलं की बहुतेक गाड्यांचा कॉम्प्रेसर स्वतःच बंद राहते. तिथे बाहेरची हवा अन् हीटर यावरच भिस्त.

वायपर रात्री उभे करून ठेवा. काचेला चिकटून गोठलेला वायपर बटण दाबून सोडवायला गेलात तर रबर फाटते, फ्यूज उडते, कधी मोटर जाते. (वायपर ही वस्तूच थंडीतून जन्मली. अमेरिकेतल्या अलाबामाच्या मेरी अँडरसन हिवाळ्यात न्यूयॉर्कला गेल्या होत्या, ट्रामचा ड्रायव्हर समोरची काच उघडून बर्फाचे सपकारे खात चालवताना त्यांनी पाहिला, अन् आतून दांडा ओढून काच पुसायची युक्ती काढली, १९०३ मध्ये त्यांना तिचं पेटंट मिळालं. मला ही बाई फार आवडते, तिने त्या ड्रायव्हरचे हाल मनावर घेतले.)

दाराच्या रबरांना सिलिकॉनचा हलका हात द्या म्हणजे दार गोठून चिकटणार नाही, चिकटलंच तर हिसका देऊ नका, दार आत दाबा म्हणजे बर्फ तडकते. हँडब्रेक ओढून रात्रभर ठेवू नका, तो गोठून अडकते, सपाट जागा पाहून गाडी गिअरमध्ये टाका अन् चाकामागे दगड लावा. अन् डिझेल! आपल्याकडच्या डिझेलमधलं मेण कडक थंडीत साकळते अन् फिल्टर चोंदते. लडाखसाठी तर २०१९ मध्ये उणे ३३ पर्यंत न साकळणारं वेगळं डिझेल काढावं लागलं. म्हणून नागपूर-दिल्लीकडचं डिझेल संपवत जा अन् कुल्लू-मनालीच्या पंपावर टाकी भरा.

अटल टनेल ९ किलोमीटरचा आहे अन् ३ हजार मीटरच्या वर, अलीकडे ऊन अन् पलीकडे बर्फ असं होऊ शकते. टनेलमधून बाहेर पडायच्या आधीच हीटर काचेवर असू द्या. पोलिसांनी रस्ता बंद आहे म्हटलं तर परत फिरा, तिथे नागपूरची हुशारी चालत नाही.

माझा मुलगा इंग्लंडला लीड्सजवळ नोकरी करतो. पहाटे सहाला निघतो, व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवला त्यात गाडी पूर्ण बर्फाने झाकलेली अन् हा समोर फक्त ताटलीएवढी जागा खरवडून निघून गेला. आई म्हणून जीव घाबरतो. त्याला काय सांगू? (एक आई, सिव्हिल लाईन्स)

ताई, त्याला पहिलं हे सांगा की तिथे ताटलीएवढ्या जागेतून गाडी चालवणं गुन्हा आहे. तिथल्या हायवे कोडचा २२९ वा नियम आहे, निघायच्या आधी सगळ्या काचांवरचा बर्फ काढलाच पाहिजे, नंबर प्लेट अन् लाईटसुद्धा. दंडाच्या भीतीने तरी ऐकेल.

अन् दंडापेक्षा मोठी गोष्ट माझ्यावर गुदरलेली सांगतो. खूप वर्षांपूर्वी मी वाडीहून अमरावती रोडने शहरात येत होतो, डिसेंबरची सकाळ, धुई पडलेली, काचेवर बाहेरून दहिवर अन् आतून वाफ. घाई होती म्हणून हाताने एवढीशी जागा पुसली अन् निघालो. फुटाळ्याच्या अलीकडे सूर्य समोरून वर आला अन् उरलेली सगळी काच एका क्षणात पांढऱ्या पडद्यासारखी पेटली, माझी ती ताटलीएवढी जागाबी गेली. मी ब्रेक दाबला तो फक्त घंटीच्या आवाजावर. खाली उतरलो तर बम्परपासून हातभर अंतरावर दूधवाले काका सायकल धरून उभे, एक कॅन आडवा झालेला अन् दूध डांबरावरून चाललेलं. ते मला काही बोलले नाही. कॅन उभा केला, कॅनचं झाकण शोधलं, ते रस्त्याच्या कडेला गेलं होतं, मी आणून दिलं. त्या दिवसापासून काच पूर्ण साफ झाल्याशिवाय मी गिअर टाकत नाही अन् माझ्या गॅरेजातून कोणाला टाकू देत नाही. ही गोष्ट मुलाला माझ्या नावाने सांगा.

बाकी, त्याला दहा मिनिटं आधी उठायला लावा. रात्री काचेवर कव्हर टाकलं तर पाच मिनिटंच लागतील. स्प्रे अन् स्क्रेपर तिथे पेट्रोल पंपावर, सुपरमार्केटमध्ये सगळीकडे मिळतात. गाडी रस्त्यावर चालू ठेवून स्वतः चहा प्यायला घरात जायचं नाही, तेही तिथल्या कायद्यात बसत नाही, अन् चावी लावलेली गाडी चोरीला गेली तर विमा कंपन्या सहसा हात वर करतात.

अन् ताई, हे एक त्याला आजच फोन करून सांगा, बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू करून काच गरम करत बसायचं नाही, शटर थोडं उघडं असलं तरी नाही. धुरातला कार्बन मोनॉक्साईड दिसत नाही, त्याला वास नाही, माणसाला फक्त झोप आल्यासारखं होते अन् तो उठत नाही. बाहेर उभी गाडी असली अन् रात्री बर्फ खूप पडला असेल तर सायलेन्सरचं तोंड आधी मोकळं करायचं, मगच इंजिन चालू करायचं, ते बुजलेलं असलं तर तोच धूर गाडीच्या आत येऊ शकते. काचेच्या आधी हे.

काचेवर कापलेला बटाटा किंवा कांदा घासला तर बर्फ धरत नाही असा मेसेज आला आहे. मिठाचं पाणीही चालते म्हणतात. खरं का? (वाचक, इतवारी)

कांदा-बटाटा भाजीत घाला. काचेवर नुसता चिकट पट्टा राहते अन् लाईटमध्ये डोळे दिपतात. मिठाचं पाणी बर्फ वितळवते हे खरं आहे, पण ते ओघळून बॉनेटच्या फटीत, वायपरच्या सांध्यात जाते अन् पत्रा खाते. गाडीवर मीठ नको.

मागच्या काचेत ज्या बारीक तांबूस रेषा असतात त्यातल्या दोन चालत नाहीत, तेवढाच पट्टा धुकट राहतो. का? (वाचक, कामठी)

त्या रेषा म्हणजे तापणाऱ्या तारा आहेत, बटण दाबलं की वीज वाहते अन् काच गरम होते. तुम्ही किंवा आधीच्या मालकाने आतून स्टिकर काढताना ब्लेड वापरलं असेल, तार कापली गेली. जिथे तुटली तिथे भिंगातून बारीक खाच दिसेल. वीज वाहून नेणारा खास रंग मिळते, तेवढ्या खाचेवर लावून वाळू द्यायचा, पुष्कळदा काम होते. अन् पुढे मागची काच आतून पुसताना रेषांच्या दिशेने आडवं पुसा, उभं नाही. बटण सारखं चालू ठेवू नका, बॅटरीवर भार पडते, म्हणून कित्येक गाड्यांत ते दहा-पंधरा मिनिटांत आपोआप बंद होते, ते बिघडलं असं समजू नका.

हे सगळं थंडीचं झालं, पण माझी काच जुलैत धुकते, तीही बाहेरून! बोट फिरवलं तर आत रेघ येत नाही. (वाचक, सदर)

बरोबर, तुमचं उलटं आहे. जुलैत बाहेरची हवा ओली अन् उबदार, अन् तुम्ही एसी १८ वर ठेवून हवा काचेवर सोडता, मग काच आतून गार होते अन् वाफ बाहेरून धरते. वायपर एकदा फिरवा, हवेचा रोख काचेवरून काढून अंगाकडे करा, अन् एसी २४-२५ वर आणा.